आठ मात्रांचा थेंब

ता. ३, मंगळवार

दवाखान्यात दाखल झालो. शाळेचा पहिला दिवस आठवला. तेव्हाही असेच कोणीतरी दंडाला धरून आत नेले होते आणि मी दारापर्यंत मागे वळून बघत होतो. तेव्हा वडील होते, आज सूनबाई. आणि भोकाड पसरायची सोय आता राहिलेली नाही.

कारण अगदी क्षुल्लक. गेल्या आठवड्यात संध्याकाळी फिरताना पश्चिमेला असे काही रंग उधळले होते, की पाय खिळ्यावर पडला. खिळा उपसून फेकला आणि उरलेले रंग बघत घरी आलो. घरी रंगांबद्दल बोललो, खिळ्याबद्दल नाही. आता पाय पोटरीपर्यंत भोपळ्यासारखा सुजला आहे आणि अंगात ताप आहे.

"बाबा, आकाशात खिळे नसतात," सूनबाई गाडीत म्हणाली. "ते खाली असतात. म्हणून बाकीची माणसं खाली बघून चालतात."

"आणि म्हणूनच बाकीच्या माणसांना ढग दिसत नाहीत," मी म्हणालो.

यावर ती नुसती खिडकीबाहेर बघत राहिली. मुलगी समंजस आहे. हार झाली की कबूल करते.

डाव्या हाताला सुई, सुईला नळी, नळीच्या वर उलटी टांगलेली बाटली. आणखी काही दिवस हे असेच चालायचे आहे. उजवा हात मोकळा आहे, म्हणून ही वही घरून मागवून घेतली. सूनबाईने चष्मा, पायजमे आणि वही आणली, पेन विसरली. हे पेन शेजारच्यांचे.

ता. ४, बुधवार

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त बसड्रायव्हर आहेत. उजवा पाय प्लास्टरमध्ये, दोरीने वर टांगलेला. "उभ्या जन्मात बसला ओरखडा पडू दिला नाही," ते म्हणाले, "आणि बल्ब बदलताना स्टुलावरून पडलो. बसला आरसे असतात हो, स्टुलाला नसतात." काल ग्लानीत मी काहीतरी पुटपुटत होतो म्हणे. तेव्हापासून त्यांनी माझे नाव 'कविराज' ठेवले आहे. मी ते थोडा विरोध करून स्वीकारले.

मी काय पुटपुटत होतो ते मला माहीत आहे. तिसरीच्या पुस्तकातली झऱ्याची कविता. गुरुजी टेबलावर पट्टी आपटत आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणे:

झऱ्या, तुझी ही वाट कोणती, उतार कोणी दिला?
दगड आडवा आला तर तो सुरात तू ओविला!

आठ-आठ मात्रांवर पट्टी पडायची. चुकली मात्रा की तीच पट्टी हातावर. आयुष्यात पुढे पुष्कळ विसरलो, सौ. गेल्यानंतरची दोन वर्षे तर पुसल्यासारखीच आहेत. पण ती पट्टी विसरलो नाही.

आज गंमत झाली. बाटली बदलायला इथली धाकटी सिस्टर आली. मला नात असती तर एवढी असती. मी पहिली ओळ म्हटली, आणि तिने हातातले काम न थांबवता दुसरी म्हटली! तिच्याही पुस्तकात ती कविता होती. इतक्या वर्षांनी एका अनोळखी मुलीने माझ्या वाक्याचे दुसरे टोक धरले. डोळे भरून आले. ती म्हणाली, "आजोबा, दुखतंय का?"

ड्रायव्हरसाहेबांनी तिची सगळी माहिती काढली आहे. नोकरी अजून कच्ची आहे. या महिनाअखेरीपर्यंत कुठे बोट ठेवायला जागा मिळाली नाही तर कायम होईल. आई मामाच्या घरी एका कोपऱ्यात दिवस काढते. कायम झाल्या दिवशी तिला घेऊन येणार आहे. खोलीसुद्धा बघून ठेवली आहे.

"खिडकी आहे खोलीला," ती आपण होऊन म्हणाली. "मामाच्या कोपऱ्याला खिडकी नाहीये."

ता. ५, गुरुवार, दुपारी

आजचा दिवस कोरून ठेवावा असा आहे.

मी जन्मभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटर वाचले. वाहत्या पाण्याचे मला कळते. गेले दोन दिवस बघतोय, बाटलीतले थेंब बेताल पडतात. दोन घाईघाईने, मग एक रेंगाळत, मग कुणीच नाही. आजाऱ्याच्या डोक्यावर असा छंदोभंग टांगून ठेवणे बरे नव्हे. मी धाकट्या सिस्टरला म्हणालो, "यांना आठ मात्रांवर आणता येईल का?"

"आजोबा, हे औषध आहे, तबला नाही."

पण हसली. नळीवरचे चाक तिने थोडे फिरवले. थेंब पळत सुटले. उलटे फिरवले, तर पेंगायला लागले. मी खाटेच्या दांडीवर बोटाने ठेका धरून म्हणत होतो, "झऱ्या, तुझी ही… नाही, मागे पडला… वाट कोणती… छे!"

"हवा नीट जात नाहीये," ती म्हणाली. बाटलीच्या रबरी बुचात हवेसाठी एक सुई असते. ती काढून तिने दुसरीकडे टोचली. तरी जमेना. मी म्हटले, नळीच जरा सरळ बसवून बघ.

"बूच पुन्हा पुन्हा टोचायचं नसतं आजोबा. नियम आहे."

"नियमाला अपवाद असतो," मी म्हणालो, "म्हणून तर जगात कविता आहे."

तिने दाराकडे बघितले. मोठ्या सिस्टर नव्हत्या. मग नळीचे टोक बुचातून उपसून शेजारी खुपसले. पुन्हा उपसून पुन्हा खुपसले. आणि काय सांगू! थेंब असा पडू लागला, की गुरुजींनी पट्टी खाली ठेवली असती. आम्ही दोघांनी अख्खी कविता म्हटली. तिचा एक हात बुचावर होता आणि डोळे मिटलेले. शेवटच्या कडव्यापर्यंत एकही मात्रा चुकली नाही.

"वाहवा!" ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "आता माझ्या टांगलेल्या पायालाही चाल लावा."

त्याच दिवशी, संध्याकाळी

ती गेल्यावर तासाभराने मला तो दिसला. नळीत, हाताच्या थोडा वर, एक बारीक करडा कण. मोहरीपेक्षाही लहान. थेंब आला की हलकेच पुढे सरकायचा, थांबायचा, विचार केल्यासारखा करून पुन्हा सरकायचा.

अंगावर काटा आला. दगड आडवा आला! साठ-पासष्ट वर्षे जी ओळ नुसती म्हटली ती आज डोळ्यांपुढे वाहत होती. कुणाला हाक मारावी असे क्षणभर वाटले. पण अशा वेळी हाक मारली की मोडते. मी गप्प पडून बघत राहिलो. खाली सरकत सरकत तो सुईजवळच्या सांध्यात येऊन अडकला. त्याच्या बाजूने औषध वाट काढत होते. दुपारभर मी दुसरे काही केले नाही.

संध्याकाळी सूनबाई आली. डबा ठेवला, पाय बघितला, हात बघितला.

"बाबा, नळीत काय आहे?"

"दगड," मी म्हणालो.

"कसला दगड?"

"तिसरीतला."

ती किंचाळली. मी तिला इतक्या मोठ्याने बोलताना लग्नानंतर प्रथमच ऐकले. मोठ्या सिस्टर धावत आल्या, नळी चिमटली, हातातून काढली. मग मोठे डॉक्टर आले. नळीचा तेवढा तुकडा कापून पारदर्शक डबीत ठेवला, डबीवर चिठ्ठी चिकटवली, तिचे फोटो काढले. दिव्याखाली धरून तिला चार जणांनी बघितले. माझा ताप बघायचा राहिला. एकंदरीत आमच्या दोघांपैकी दाखल तो कणच झाला असे वाटले.

"नशीब, सांध्यात अडकला," मोठे डॉक्टर म्हणाले. "पुढे गेला असता तर…"

त्यांनी वाक्य पुरे केले नाही. अपुरी वाक्ये मला आवडतात. वाचणाऱ्याला जागा राहते. सूनबाई मात्र खाली बसली आणि तिने माझा पाय धरून ठेवला, दुखरा नव्हे, दुसरा.

ता. ६, शुक्रवार

डावा हात सुजला. आता उजव्या हाताला सुई लावली आहे, म्हणून अक्षर कोंबडीच्या पायाचे. ताप उतरतो आहे.

धाकटी सिस्टर सकाळी आली तेव्हा चेहरा पांढराफटक. उद्या चौकशी आहे. कण रबराचा निघाला. बाटलीच्या बुचाचा.

"आजोबा, तुम्ही दुपारभर बघत होतात?" तिने विचारले. "मला हाक का नाही मारली?"

"तुलाच मारणार होतो," मी म्हणालो. "तुझी ड्युटी संपली होती ना."

ती काहीतरी बोलणार होती, पण मोठ्या सिस्टरांनी तिला बोलावले. मला तिची दया आली. पोर उगाच घाबरते. मी आहे ना इथे. मी सगळे पाहिले आहे.

ती गेल्यावर ड्रायव्हरसाहेब टांगलेल्या पायासकट माझ्याकडे वळायचा प्रयत्न करत म्हणाले, "कविराज, इकडे लक्ष द्या. माझी उभी हयात अपघातांचे जबाब देण्यात गेली. स्वतःचे नव्हेत, दुसऱ्यांचे. जबाबाची तीनच वाक्यं असतात. माहीत नाही. आठवत नाही. डोळा लागला होता. उद्या यांतलं कुठलंही म्हणा. पण चौथं म्हणू नका."

"पण मला माहीत आहे, आठवतंय, आणि डोळा लागला नव्हता."

"म्हणूनच सांगतोय."

"त्या मुलीला मी वाऱ्यावर सोडू?"

"सोडा!" ते ओरडले. "देवाशपथ सोडा! वारा सांभाळील तिला!"

यांत्रिक कामात आयुष्य गेले की माणूस असा होतो. ब्रेक दाबायचे तेवढे कळते. मी उद्यासाठी मनातल्या मनात बोलणे जुळवत पडून राहिलो. थोडे वृत्तात बसले असते, पण चौकशीत गद्यच बरे.

ता. ७, शनिवार

पार पडले! आणि माझ्या तोंडूनच सांगतो, छान पार पडले.

मला चालता येत नाही, म्हणून चौकशीच माझ्या खाटेपाशी आली. पडदा ओढला, तीन खुर्च्या मांडल्या. मोठे डॉक्टर, मोठ्या सिस्टर आणि कचेरीतले एक टायवाले गृहस्थ, ते टिपून घेत होते. धाकटी सिस्टर खाटेच्या पायथ्याशी उभी. पडद्याच्या पलीकडून ड्रायव्हरसाहेबांचे खोकणे ऐकू येत होते.

"बुचाचाच दोष दिसतो, साहेब," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "या खेपेच्या बाटल्याच हलक्या आल्यात. रबर ठिसूळ आहे. परत पाठवून देऊ या."

"मलाही तसंच वाटतं," मोठे डॉक्टर म्हणाले. "आजोबा, तुम्हाला बरं वाटतंय ना? मग झालं तर." आणि त्यांनी पेनाला टोपण लावले.

म्हणजे बघा! त्या पोरीचे नावही न घेता उठून जायला निघाले होते. सगळे श्रेय रबराला! माझ्याने राहवेना.

"डॉक्टरसाहेब," मी म्हणालो, "मला या मुलीबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत."

पडद्यापलीकडे ड्रायव्हरसाहेबांना खोकल्याची जबरदस्त उबळ आली. मी त्यांना पाणी द्यायला सांगितले आणि पुढे बोललो. म्हणालो, अशी सेवा मी पाहिली नाही. थेंब बेताल पडत होते, तर हिने माझ्या एका शब्दावर चाक फिरवलं. तेवढ्याने भागेना, तर हवेची सुई काढून दुसरीकडे टोचली. कुठल्या सिस्टरला एवढा उत्साह असतो?

"दुसरीकडे?" डॉक्टर म्हणाले. "म्हणजे बूच दोनदा टोचलं?"

"दोनदा काय म्हणता!" मी म्हणालो. "नळीसुद्धा उपसून पुन्हा खुपसली. दोन वेळा! आठ मात्रा नीट पडेपर्यंत ही मागे हटली नाही."

"आजोबा थकलेत," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "तापात असं होतं. भास होतात."

"मुळीच थकलो नाही," मी म्हणालो. आणि मग त्यांना ती कविता म्हणून दाखवली. कविता ऐकल्याशिवाय तिच्या कामाची किंमत कशी कळणार? "शेवटचं कडवं तर हिने डोळे मिटून म्हटलं. हात बुचावर, डोळे मिटलेले! एवढी तन्मयता!"

टायवाले गृहस्थ भराभर टिपून घेत होते. मी त्यांच्यासाठी वेग कमी केला. डॉक्टरांनी विचारले, "बूच एकदाच टोचायचं असतं, हे तिला माहीत नव्हतं का?"

"माहीत नव्हतं कसं? तिनेच मला सांगितलं," मी अभिमानाने म्हणालो. "नियम पाठ आहे तिला. केवळ माझ्यासाठी मोडला."

सगळे शांत झाले. परिणाम होतो तेव्हा अशी शांतता होते; शाळेच्या स्नेहसंमेलनात मला एकदा अनुभव आला आहे. डॉक्टरांनी टोपण काढले, धाकट्या सिस्टरचे पूर्ण नाव विचारून लिहिले आणि खाली दोन रेघा ओढल्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. दोन रेघा!

तिने मान खाली घातली. स्तुतीने माणूस कानकोंडा होतो. माझ्याकडे एकदाच बघितले, डोळे भरलेले होते. जाताना माझे पांघरूण पायावर सारखे करून गेली.

पडदा उघडल्यावर मी ड्रायव्हरसाहेबांना म्हणालो, "कसं काय?"

"कविराज," ते छताकडे बघत म्हणाले, "मी बस चालवायचो तेव्हा माझ्या गाडीखाली कुणी आलं नाही. कारण मला हॉर्न होता, आणि त्यांना कान होते."

औषधांमुळे त्यांचे बोलणे हल्ली असे तुटक झाले आहे.

ता. ९, सोमवार

उद्या घरी सोडणार. कालपासून धाकटी सिस्टर दिसली नाही. तिच्या जागी दुसरी आली आहे, जाड चष्म्याची. कामापुरती बोलते. झऱ्याची पहिली ओळ म्हटली तर म्हणाली, "काही हवंय का?"

बाटलीच्या दांडीवर आता एक यंत्र बसवले आहे. थेंब तेच मोजते आणि मधूनमधून चिडलेल्या पाखरासारखे ओरडते. थेंब एकसारखे पडतात, कबूल. पण एकसारखे पडणे म्हणजे ताल नव्हे.

धाकट्या सिस्टरबद्दल मोठ्या सिस्टरना विचारले. त्या चादर झटकत म्हणाल्या, "तिला मोकळं केलं."

या वॉर्डातून मोकळे करून कुठेतरी वरच्या जागी घेतले असणार. दोन रेघा उगाच नव्हत्या. मोठ्या सिस्टरना ते रुचलेले दिसत नाही. हाताखालची मुले पुढे गेली की वरच्यांना असे होतेच. आमच्याही कचेरीत होई.

सूनबाईला सगळे सविस्तर सांगितले, चौकशीसुद्धा. ती ऐकता ऐकता एकदम म्हणाली, "बाबा, हे सगळं तुम्ही बोललात? त्यांच्यासमोर?"

"शब्द न् शब्द."

तिने डबा बंद केला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. भारावली होती.

ता. २१, शनिवार

पाय बरा आहे. खिळ्याच्या जागी छोटी गुलाबी खूण उरली आहे. सूर्यास्ताचाच तो रंग.

मलम संपले म्हणून सूनबाईबरोबर दवाखान्यासमोरच्या औषधांच्या दुकानात गेलो. काउंटरच्या मागे बघतो तर कोण? माझी धाकटी सिस्टर! पांढरा पोशाख नाही, दुकानाचा हिरवा कोट. कात्रीने गोळ्यांची पट्टी कापत होती.

"अगं, तू इथे?" मी म्हणालो. "आता औषधांचा सगळा कारभार तुझ्याकडे का?"

तिने कात्री खाली ठेवली. मग म्हणाली, "हो आजोबा. इथं बसायला स्टूलसुद्धा आहे." आणि विचारले, "पाय कसा आहे? हाताची सूज गेली?"

बघा, इतक्या दिवसांनीही तिच्या लक्षात होते. मी आईबद्दल विचारले, खोलीबद्दल विचारले.

"आई मामाकडेच आहे. खोली दुसऱ्या कुणी घेतली."

"मिळेल त्याहून चांगली. मोठी खिडकी असलेली," मी म्हणालो. तेवढ्यात सूनबाई मला जवळजवळ बाजूला सारून पुढे झाली आणि काउंटरवर वाकून तिला हळूच काहीतरी म्हणाली. मला ऐकू आले नाही. सूनबाईचे डोळे ओले होते. मुलगी मान हलवत म्हणाली, "असू द्या ताई. ते आपले चांगलंच सांगायला गेले."

मला राहवेना. मी काउंटरवर बोटाने ठेका धरला. "झऱ्या, तुझी ही वाट कोणती…"

दुसरी ओळ आली नाही. तिने हात वर केला. गुरुजींसारखा नव्हे, वाहतुकीच्या शिपायासारखा.

"आजोबा, मोजू द्या. कामावर मी कविता ऐकत नाही आता."

केवढी शिस्त! मी ताबडतोब गप्प झालो. तिने गोळ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, पुडी बांधली. आतल्या बाजूला गल्ल्यावर दुकानाचे मालक बसले होते. मी त्यांच्याकडे बघितल्यासारखे तिला वाटले असावे, कारण पुडी देताना तिने माझा हात धरून ठेवला.

"आजोबा, माझं एक ऐकाल? मालकांना माझ्याबद्दल काही सांगू नका. चांगलंसुद्धा नको."

गुणी माणसाला स्तुतीची अशी लाज वाटते.  घरी येताना पुलावर ढग फार सुंदर होते, ते सूनबाईने बघितले नाहीत. खाली बघून चालत होती.

ता. २२, रविवार

पहाटेपासून विचार करतो आहे. ती नको म्हणाली, हे खरे. पण नको म्हणणाऱ्याचेच गुण सांगायचे असतात; बाकीचे आपले आपण सांगतात. मालकांचा चेहरा सज्जन वाटला. डॉक्टरांनी दोन रेघा ओढल्या होत्या, एवढे जरी त्यांच्या कानावर घातले तरी पोरीचे कल्याण होईल. आज दुकान दुपारपर्यंत उघडे असते.

निघालोच होतो. पण चप्पल सापडत नाही. दारामागे नाही, पलंगाखाली नाही. बूट बघितले, तर तेही जागेवर नाहीत.

सूनबाईला विचारले. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "बाबा, गच्चीवर जाऊन ढग बघा ना. आज छान आलेत."